शेवटच्या ओळीतला मुलगा

बोरी अरबच्या शाळेत मी हजेरी कशी घेते? एक नाव वाचायचं, "हजर" ऐकायचं, खूण करायची, मग पुढचं नाव. संगणकातही अशीच हजेरी होते बरं का!

युनिक्स संगणकात आपल्या आज्ञा ऐकणाऱ्या प्रोग्रामला 'शेल' म्हणतात. स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जच्या युनिक्सबरोबर आला. त्यातली 'रीड' ही आज्ञा फाइलमधली एकेक ओळ उचलते. 'व्हाइल' म्हणते, "ओळ मिळतेय तोवर चालू दे!"

एकदा मी ३० मुलांची यादी अशी वाचायला दिली. निघाली २९! शेवटचा मुलगा गायब. का बरं? त्याच्या नावानंतर मी एंटर दाबलंच नव्हतं. एंटर ही ओळ संपल्याची खूण. ती दिसली नाही, तर 'रीड' नाव वाचते खरी, पण "फाइल संपली" असं कळवते. मग 'व्हाइल' थांबते आणि त्या मुलाचं काम राहून जातं.

'डब्ल्यूसी' या आज्ञेला ओळी मोजायला सांगितल्या, तर तीही एंटरच मोजते. म्हणजे उत्तर पुन्हा २९!

म्हणून शेवटीही एंटर दाबा, आणि यादीवर बोट ठेवून स्वतः एकदा मोजा. कुणी राहिलं तर नाही ना?