मेंढी कोणाची, संत कोणाचे?

चामुला या खेड्यातल्या बाया मेंढी कापत नाहीत. प्रत्येकीला नाव देतात, ती आजारी पडली तर तिच्यासाठी प्रार्थना करतात. मटण वर्ज्य. लोकर कातरायची, पिंजायची, सूत काढायचं, कमरेला पट्टा बांधून ताणलेल्या मागावर विणायचं आणि ते कापड काळ्या मातीत रंगवायचं. त्याचा जाड, केसाळ घागरा नेसलेली त्सोत्सिल-भाषी बाई म्हणजे मेक्सिकोतल्या चियापास राज्याच्या ‘माया परंपरे’चं ठरलेलं चित्र. गंमत अशी, की मेंढी मुळात मायांची नाहीच. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ती जहाजातून आणली.

सान क्रिस्तोबाल दे लास कासास पाहायला जाणाऱ्याने ही मेंढी ध्यानात ठेवावी. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत सगळं कसं वाटून ठेवलेलं असतं: शहर वसाहतकालीन, भोवतालची खेडी आदिवासी, नदीची दरी निसर्गरम्य. प्रत्यक्षात ही वाटणी कुठेच टिकत नाही.

तुस्त्ला गुतिएरेस या राज्याच्या राजधानीतून निघालेली गाडी तासाभरात उकाड्यातून पाईनच्या रानात चढते. सुमारे 2,100 मीटर उंचीवर चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेलं होवेलचं खोरं लागतं. स्पॅनिश सरदार दिएगो दे मासारिएगोसने 1528 साली इथे हे गाव वसवलं ते एकट्या स्पॅनिश बळावर नव्हे. त्याच्याबरोबर मध्य मेक्सिकोतले मेशिका आणि त्लाश्काल्तेक योद्धे होते. मेहिकानोस आणि त्लाश्काला या पेठा त्यांच्याच, नावंही तीच राहिली. एल सेरियो पेठ गुलामीतून सुटलेल्या स्थानिक लोकांनी वसवली आणि पुढे लोहारकामासाठी नावारूपाला आली. कौलारू छपरं, पिवळ्या-तांबड्या भिंती, फरसबंद गल्ल्या यांना आपण ‘स्पॅनिश’ म्हणतो. त्या उभ्या करणारे हात बहुतेक स्थानिकांचे होते.

शहराला ज्याचं नाव आहे तो बार्तोलोमे दे लास कासास इथे फार काळ टिकलाच नाही. कधीकाळी स्वतः वेठबिगारीवर जगलेला हा पाद्री 1514 मध्ये त्या मिळकतीवर पाणी सोडून तिच्याविरुद्ध उभा राहिला. (आफ्रिकेतून गुलाम आणावेत, असं त्यानेच एकदा सुचवलं होतं आणि पुढे त्याचा त्याला पश्चात्ताप झाला, हेही विसरू नये.) 1545 मध्ये तो बिशप म्हणून इथे आला आणि स्थानिकांना गुलाम करून ठेवणाऱ्यांना पापमुक्ती नाकारू लागला. गावातले स्पॅनिश खवळले, आणि वर्ष-दोन वर्षांत त्याला गाव सोडावं लागलं. ज्यांनी पिटाळलं त्यांच्याच गावाने तीनशे वर्षांनी, 1848 मध्ये, त्याचं नाव लावलं.

स्वातंत्र्य आलं तरी खेड्यांचा फास सुटला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किनारपट्टीवर कॉफीचे मळे उभे राहिले, तेव्हा या डोंगरांतले पुरुष आगाऊ रक्कम आणि दारू देऊन बांधले जात. आपल्याकडे ऊसतोड मजुराला मुकादम उचल देतो, तोच हा हिशेब. फिटता फिटायचा नाही.

चामुला शहरापासून दहा किलोमीटरवर आहे. बाहेरून चर्च पांढरंशुभ्र, कमानीभोवती हिरवी-निळी नक्षी. आत फोटो काढायला सक्त मनाई आहे आणि ती खरोखर पाळली जाते. बाकं नाहीत. जमिनीवर पाईनच्या पात्यांचा जाड थर असतो. कुटुंब येतं, ती पाती बाजूला सारून फरशी मोकळी करतं आणि बारीक मेणबत्त्यांचे बूड वितळवून त्या ओळीने चिकटवतं. कोपाल नावाचा धूप धुमसत असतो. कोणी अंडं रोग्याच्या अंगावरून उतरवतं, कोणी कोंबडी. शेजारी पोश नावाची दारू आणि शीतपेयाच्या बाटल्या. मुख्य वेदीवर येशू नाही, सेंट जॉन आहे. भिंतींलगत बाकीचे संत. पाद्री येतो तो मुख्यतः बाप्तिस्म्यापुरता. पोशला लागणारा ऊस स्पेनकडून आलेला, संतही तिकडचे. ते कसे पुजायचे, हे मात्र चामुलाने ठरवलं.

हे वाचून भारावून जाण्याआधी दुसरी बाजूही पाहावी. 1970च्या दशकापासून प्रोटेस्टंट झालेल्या हजारो चामुलांना गावकारभाऱ्यांनी घरादारातून हाकललं. परंपरा मोडली हे कारण सांगितलं गेलं. सणांची वर्गणी आणि दारूविक्री यांचं राजकारणही त्यामागे होतं. शहराच्या उत्तरेकडच्या वस्त्या या निर्वासितांच्या. त्यांतली काही कुटुंबं पुढे मुसलमान झाली. त्सोत्सिल बोलणारे मुसलमान माहितीपत्रकाच्या कुठल्याच खणात बसत नाहीत.

आपल्या दिवाळीच्या आगेमागे, 1 आणि 2 नोव्हेंबरला, इथली दफनभूमी झेंडूने पिवळी होते. दसऱ्याला आपण दारावर बांधतो तो झेंडूही मूळचा मेक्सिकोचाच.

निसर्गाचंही तसंच. सुमिदेरो दरीत ग्रिहाल्वा नदीचे कडे काही ठिकाणी हजार मीटरच्या घरात जातात. स्पॅनिशांना शरण जाण्याऐवजी चियापा योद्ध्यांनी इथून उड्या टाकल्या, अशी दंतकथा आहे. नाव चियापा दे कोर्सोहून सुटते. कपारींत माकडं, काठावर मगरी, शेवाळलेल्या खडकांवर धबधबा. पण ज्या संथ पाण्यावरून ती जाते ते चिकोआसेन धरणाने 1980च्या सुमारास अडवलेलं आहे. त्याआधी इथे नदी उसळत होती. पावसाळ्यात वरच्या गावांचा प्लास्टिक कचरा याच पाण्यावर तरंगत येतो.

शहरात परतल्यावर सांतो दोमिंगो चर्चसमोर जावं. सतराव्या शतकाच्या अखेरचा त्याचा दर्शनी भाग कोरीव खांबांनी गच्च भरलेला आहे, आणि पायथ्याशी खेड्यांतल्या बायांचा बाजार. 12 ऑक्टोबर 1992 रोजी, कोलंबसाच्या आगमनाला पाचशे वर्षं झाली त्या दिवशी, हजारो आदिवासींच्या मोर्चाने इथला मासारिएगोसचा पुतळा पाडला. 1 जानेवारी 1994 रोजी, अमेरिका आणि कॅनडाशी मुक्त व्यापाराचा करार लागू झाला त्याच दिवशी, तोंडं झाकलेल्या झापातिस्ता बंडखोरांनी शहर ताब्यात घेतलं. लढाई बारा दिवसांत थांबली; सरकारशी बोलणी लगेच पुढच्या महिन्यात इथल्याच कॅथेड्रलमध्ये झाली. चामुलाच्या बायांनी तेवढ्यात आपल्या कापडी बाहुल्यांना काळे बुरखे चढवले आणि हातात लाकडी बंदुका दिल्या. बातमीदारांनी त्या हातोहात नेल्या. त्या अजूनही खपतात.