फोनवरून गाडीचं लॉक उघडत नाही

गेल्या मे महिन्यातली दुपार. आमच्या सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये एक गाडी, तिच्या मागच्या सीटवर पट्ट्यांत बसवलेलं दीड वर्षाचं मूल आणि गाडीची चावी त्याच्याच मुठीत. बसवताना रडू नये म्हणून आईनं ती त्याला खेळायला दिली होती. दार लावून ती वळसा घालून ड्रायव्हरच्या दाराशी पोचेपर्यंत आतून 'खट्' झालं. दुसरी चावी मुलाच्या बाबांकडे, ते हिंजवडीला ऑफिसात. माणसं जमली. "बाळा, बटण दाब," असं काचेतून ओरडून झालं, पण चावी खाली पडली होती आणि बाळ रडायला लागलं होतं. मग कोणीतरी म्हणालं, "अगं, त्याला फोन लाव. तिकडे फोनजवळ चावी धरून बटण दाबायला सांग, इकडे तू फोन दाराला लाव. उघडतं लॉक."

मी खाली पोचलो तेव्हा ती थरथरत्या हातानं फोन दाराच्या हँडलला लावून उभी होती. "आता दाब. परत दाब." आजूबाजूला १०-१२ जण होते, त्यात दोन इंजिनिअर. एकानंही तिला थांबवलं नव्हतं. सात-आठ मिनिटं अशी गेली होती.

शेवटी माळीबुवांची पहार आणून पुढच्या दाराची काच फोडली. मूल घामानं निथळत होतं, लालबुंद झालं होतं, पण ठीक होतं. आठवडाभरानं सोसायटीच्या ग्रुपवर याच युक्तीचा मेसेज पुन्हा आला, 'उपयुक्त माहिती, सर्वांना पाठवा' म्हणून. मी हरकत घेतली तर उत्तर मिळालं, "सर, त्या दिवशी रेंज नसेल."

रेंजचा काही संबंध नाही. मी २५ वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं आहे, म्हणून हे एकदा नीट सांगतो.

रिमोटचं बटण दाबलं की त्यातून रेडिओलहर निघते. भारतात आणि युरोपात बहुतेक गाड्यांचे रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. म्हणजे सेकंदाला ४३ कोटी ३९ लाख २० हजार कंपनं. फोनचा माइक टिपतो तो आवाज. साध्या कॉलमध्ये पलीकडे पोचणाऱ्या आवाजाची कंपनं सेकंदाला ३०० ते ३,४०० असतात, आजच्या सुधारित आवाजाच्या कॉलमध्ये ७,००० पर्यंत. पण आकडे बाजूला ठेवा, कारण फरक फक्त लहानमोठ्या आकड्याचा नाही. आवाज ही हवेची थरथर आहे, रेडिओलहर ही हवेची थरथरच नाही. माइकला ती जाणवत नाही, पलीकडच्या फोनच्या स्पीकरमधून ती निघत नाही, आणि गाडीच्या ॲन्टेनाला आवाज ऐकू येत नाही. फोनसमोर उदबत्ती लावून पलीकडच्या माणसाला वास येईल का? तेवढाच या युक्तीचा उपयोग.

यावर ठरलेला प्रश्न येतो, "पण सर, मोबाईलसुद्धा रेडिओवरच चालतो ना?" चालतो. पण तो तुमच्या बोलण्याचे आकडे करून टॉवरकडे पाठवतो. शेजारी धरलेल्या रिमोटची लहर झेलून ती जशीच्या तशी दुसऱ्या गावात सोडायचं काम तो करत नाही. आणि समजा एखाद्यानं रिमोटचा संदेश टिपून ठेवला, तरी आजच्या रिमोटमधून प्रत्येक वेळी नवा कोड जातो. जुना कोड गाडी स्वीकारत नाही.

हा मेसेज नवा नाही. व्हॉट्सॲप जन्मायच्या आधी, २००० नंतरच्या दशकात, तो इंग्रजीतून ईमेलनं जगभर फिरत होता. तेव्हापासून तो खोटा असल्याचं लिहिलं जातं आहे. तरी दर उन्हाळ्यात कोणीतरी छातीवर हात ठेवून सांगतं, "मी स्वतः उघडलंय." ही माणसं खोटं बोलत नाहीत, म्हणून त्यांचं ऐकून घ्यायला हवं.

त्यांना विचारा, दुसरी चावी कुठे होती? बहुतेकदा उत्तर येतं, वर घरात. गाडी खाली, घर दुसऱ्या मजल्यावर. बायको बाल्कनीत येऊन बटण दाबते. मोकळ्या जागेत रिमोट ३०-४० मीटरवरून सहज चालू शकतो. लहर फोनमधून गेलेलीच नसते, ती बाल्कनीतून सरळ खाली आलेली असते. त्यातच आणखी एक गंमत आहे. रिमोट हनुवटीशी किंवा डोक्याशी धरला तर त्याचा पल्ला खरोखर वाढतो, कारण डोक्यातल्या पाण्यामुळे लहर अधिक जोरानं बाहेर पडते. हे अनेकांना थोतांड वाटतं, पण ते खरं आहे, पार्किंगमध्ये करून पाहा. आता फोनवर बोलणारी बायको रिमोट कुठे धरते? फोनजवळ, म्हणजे तोंडाजवळ. एरवी कदाचित कमी पडला असता तो पल्ला अशा वेळी पुरतो आणि श्रेय फोनला मिळतं.

दुसरा घोटाळा ॲपमुळे झाला आहे. २०१९ साली ह्युंदाई व्हेन्यू आणि एमजी हेक्टर या गाड्या इंटरनेटची जोडणी घेऊन आपल्याकडे आल्या, त्यानंतर इतर कंपन्यांच्याही आल्या. अशा गाडीचं लॉक फोनवरच्या ॲपमधून, दुसऱ्या शहरात बसूनही उघडता येतं. पण तिथे गाडीतच सिमकार्ड असतं. हुकूम फोनकडून कंपनीच्या सर्व्हरकडे आणि तिथून गाडीकडे जातो. कोणी फोन दाराला लावत नाही. तुमच्या गाडीत ही सोय असेल आणि वर्गणी चालू असेल, तर घरातल्या दोघांच्या फोनवर ते ॲप आजच घेऊन ठेवा. मात्र तळघरातल्या पार्किंगमध्ये नेटवर्क नसेल तर तेही हात टेकतं.

आता कोणी म्हणेल, एवढं चिडण्यासारखं काय आहे त्यात? नाही उघडलं तर नाही उघडलं, मग चावीवाल्याला बोलवू. गाडी रिकामी असेल तर खरंच काही बिघडत नाही. आत मूल असेल तेव्हा ती सात-आठ मिनिटं कुठून येतात, हा माझा प्रश्न आहे.

'पिडिॲट्रिक्स' या बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात २००५ साली मॅक्लारेन, नल आणि क्विन यांचा अभ्यास छापून आला. कॅलिफोर्नियात बाहेर साधारण २२ ते ३६ अंश सेल्सिअस तापमान असताना उन्हात उभ्या गाडीतलं तापमान त्यांनी मोजलं. तासाभरात ते सरासरी २२ अंशांनी वाढलं आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. बाहेर फक्त २२ अंश होते त्या दिवशीही गाडीत ४७ पर्यंत पारा गेला. २२ अंश म्हणजे पुण्यातली जानेवारीची सुखद सकाळ. नागपूर-अकोल्याच्या ४५ अंशांत गाडी आधीच तापलेली असते.

'काच बोटभर खाली आहे, हवा येते' हा दिलासाही याच अभ्यासात टिकला नाही. काच थोडी उघडी ठेवल्यानं तापमान वाढण्याचा वेग फारसा कमी झाला नाही. 'सावलीत आहे' हेही पुरेसं नाही. ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात सावलीतल्या गाड्यांतही तासाभरानं सुमारे ३८ अंश होते. लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसाच्या तिप्पट ते पाचपट वेगानं तापतं. शरीराचं तापमान ४० अंशांवर गेलं की उष्माघात सुरू होतो. 'ते शांत झोपलंय' असं काचेतून दिसलं तर निश्चिंत होऊ नका. ते बेशुद्धीकडे चाललेलं असू शकतं.

म्हणून मूल आत असेल आणि दुसरी चावी हाताशी नसेल, तर एकानं ११२ ला फोन लावावा आणि दुसऱ्यानं काच फोडायला घ्यावी. दोन्ही एकाच वेळी. ॲपवाल्याचं ॲप, चावीवाल्याचा नंबर, नवऱ्याची वाट, कशासाठीही मूल थांबवून ठेवू नये.

काच फोडतानाही गैरसमज आडवे येतात. पुढची मोठी काच फोडू नका. तिच्यात दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो, ती तडकते पण वाट देत नाही. बाजूच्या दारांच्या काचा बहुधा टफन्ड असतात, त्या फुटल्या की बारीक खडे होतात. मुलापासून सर्वांत लांबची काच निवडा. मधोमध दगड मारला तर काच लवते आणि दगड उलटा येतो. कोपऱ्याजवळ, कडेपासून दोन-तीन इंचांवर, टोकदार आणि कठीण वस्तूनं मारा: पहार, छन्नी, हातोडीचं निमुळतं टोक. कोपरानं आणि लाथेनं सिनेमात फुटते. काचेवर फिल्म असेल तर तुकडे चादरीसारखे लटकून राहतात, ते आत ढकलावे लागतात. काही नव्या महागड्या गाड्यांत बाजूच्या काचाही पापुद्र्याच्या असतात. अमेरिकेतल्या ट्रिपल ए या मोटारचालकांच्या संघटनेनं २०१९ साली काच फोडायची सहा हत्यारं तपासली, त्यांतल्या चारांनी टफन्ड काच फोडली, पापुद्र्याची एकानंही नाही. आपल्या गाडीची काच कोणती आहे ते काचेच्या कोपऱ्यातल्या शिक्क्यात लिहिलेलं असतं. ते आज खाली जाऊन वाचून या.

हे सांगितलं की हळू आवाजात विचारतात, "दुसऱ्याच्या गाडीची काच फोडली तर केस होईल ना?" मोठा अनर्थ टाळण्यासाठी, गुन्ह्याचा हेतू नसताना, सद्भावनेनं केलेलं नुकसान हा गुन्हा नाही, असं भारतीय न्याय संहितेचं कलम १९ सांगतं. जुन्या दंड संहितेत हेच ८१ वं कलम होतं. कायद्यानं स्वतःच उदाहरण दिलं आहे: आग पसरू नये, माणसं वाचावीत म्हणून कोणी मधली घरं पाडली तर तो दोषी नाही. घर पाडलेलं चालतं तिथे काचेचं काय घेऊन बसलात? एकीकडे ११२ ला कळवा, जमलेल्यांपैकी कोणाला तरी फोटो काढायला सांगा आणि फोडा. मुलाला बाहेर काढल्यावर सावलीत न्या, कपडे सैल करा, ओल्या फडक्यानं अंग पुसत वारा घाला. ते मलूल असेल, ओकत असेल किंवा ओळखत नसेल तर १०८ ची गाडी.

बाकीचे समज तुलनेनं निरुपद्रवी आहेत. टेनिसच्या चेंडूला भोक पाडून कुलपावर दाबलं की हवेनं लॉक उघडतं, असा एक व्हिडिओ फिरतो. 'मिथबस्टर्स' या कार्यक्रमानं ते करून पाहिलं, उघडलं नाही. स्टीलची फूटपट्टी काचेच्या फटीतून घालायची विद्या प्रीमियर पद्मिनी आणि मारुती ८०० च्या काळात चालायची. आताच्या दारांत लॉकची यंत्रणा झाकलेली असते आणि आजूबाजूला वायरी असतात. 'हेडरेस्टचे दांडे काच फोडण्यासाठीच दिलेत' हे खरं नाही. मागून धडक बसली तर मान मोडू नये म्हणून हेडरेस्ट असतं, आणि कुलूपबंद गाडीच्या बाहेर उभ्या असलेल्याला ते मिळणार तरी कसं? मागची छोटी तिकोनी काच स्वस्त पडते असं समजून तीच फोडणारे आहेत. ती अनेकदा चिकटवलेली असते आणि बदलायला मोठ्या काचेपेक्षा महाग पडते.

चाइल्ड लॉकमुळे मूल आत अडकलं, असं बातम्यांतही छापतात. चाइल्ड लॉक फक्त मागचं दार आतून उघडू देत नाही, बाहेरून ते नेहमीसारखं उघडतं. बाहेरून अडवतं ते सेंट्रल लॉक. तेही अनेक गाड्यांत आपोआप लागतं. रिमोटनं लॉक उघडलं आणि साधारण ३० सेकंदांत एकही दार उघडलं नाही, तर गाडी पुन्हा लॉक होते.

बटणानं सुरू होणाऱ्या गाडीत चावी आत राहूच शकत नाही, हा भरवसा धरू नका. गाडी बहुधा ओरडून सांगते, पण रिमोटचा सेल उतरलेला असेल किंवा चावी डिकीत सामानाखाली असेल तर ती फसते. उलट, रिमोटचा सेल पूर्ण संपला म्हणजे आपण रस्त्यावर अडकलो, असंही नाही. रिमोटच्या पोटात एक पत्र्याची चावी लपवलेली असते, तिचं भोक दाराच्या हँडलवर, कधी एखाद्या छोट्या झाकणाखाली असतं. गाडी सुरू करायला तोच मेलेला रिमोट स्टार्टच्या बटणाला टेकवून धरायचा. आतली चिप सेलशिवाय ओळख पटवते. काही गाड्यांत ही जागा वेगळी असते, मॅन्युअलमध्ये चित्र असतं.

राहिला प्रश्न 'चिपशिवायची डुप्लिकेट चावी काय कामाची?' हा. अशा चावीनं गाडी सुरू होत नाही हे बरोबर आहे. पण ज्या दाराला चावीचं भोक आहे ते दार उघडतं, फार तर अलार्म वाजेल. चावीवाला ती थोडक्या पैशांत कापून देतो. माझ्या गाडीची तशी एक चावी समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींकडे, देवघराच्या खणात असते. मे महिन्यानंतर आमच्या इमारतीतल्या नऊ गाड्यांच्या चाव्या अशा शेजारच्या घरी गेल्या आहेत. त्यातली एक त्या मुलाच्या आईची आहे.