विश्लेषण : विकत घेतलेला रेसिंग गेम गायब कसा होतो? डिस्क संपण्याचा अर्थ काय?

पेण किंवा रोह्यात राहून व्हिडीओ गेमची डिस्क मिळवणे कधीच सोपे नव्हते. पनवेल किंवा नवी मुंबई गाठायची, नाहीतर कुरिअरची वाट पाहायची. पण एकदा हाती आलेली डिस्क घरची वस्तू होई. मित्राला देता येई, विकता येई, दहा वर्षांनी पुन्हा लावता येई. आता अनेक नवे गेम फक्त डाउनलोडच्या रूपात येतात. त्यातही कार रेसिंगचे गेम काही वर्षांतच ऑनलाइन दुकानांतून काढले जातात. असे का होते आणि पैसे मोजणाऱ्याच्या हाती नेमके काय उरते, याविषयी…

‘कॅसेट’पासून डाउनलोडपर्यंतचा प्रवास कसा झाला?

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या स्वस्त गेमसंचांची चलती होती. ज्या कार्ट्रिजला सगळेच ‘कॅसेट’ म्हणत, त्यात कोनामी कंपनीचा ‘रोड फायटर’ हमखास असे. कॅसेट चालली नाही तर फुंकर मारून पुन्हा लावायची, एवढीच देखभाल. नंतर सायबर कॅफे आणि सीडींचा काळ आला. १९९६ मध्ये पीसीवर आलेला ‘रोड रॅश’ घरोघरी पोहोचला. मात्र त्यातल्या बहुतेक प्रती अधिकृत नसत. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्समुळे अधिकृत डिस्क विकत घेण्याची सवय हळूहळू रुजली. पण २०२० च्या अखेरीस आलेल्या एक्सबॉक्स सीरिज एस आणि प्लेस्टेशन ५ डिजिटल एडिशन या संचांत डिस्क घालायची सोयच नव्हती. ‘फोर्झा होरायझन ५’ हा लोकप्रिय रेसिंग गेम २९ एप्रिल २०२५ रोजी प्लेस्टेशन ५ वर आला, तोही डिस्कविना.

रेसिंग गेम बाजारातून लवकर का जातात?

कारण त्यातील गाड्या खऱ्या असतात. फेरारी, पोर्शे यांसारख्या कंपन्यांची नावे, बोधचिन्हे आणि गाड्यांचे आकार वापरण्यासाठी गेम कंपनीला परवाना घ्यावा लागतो. गाडीतल्या रेडिओवर वाजणारी गाणी, खरे रेसट्रॅक आणि स्पर्धांची नावे यांचे करार वेगळे. हे करार ठरावीक मुदतीचे असतात. मुदत संपली की ते नव्याने करायचे किंवा विक्री थांबवायची, एवढेच पर्याय उरतात. जुन्या गेमची विक्री तोवर मंदावलेली असल्याने नवा करार परवडत नाही.

‘फोर्झा होरायझन ४’ हा २०१८ चा गेम १५ डिसेंबर २०२४ रोजी ऑनलाइन दुकानांतून काढण्यात आला. या मालिकेतील पहिल्या तीन भागांची विक्री तर प्रत्येकी चार वर्षांतच थांबली होती. ‘नीड फॉर स्पीड’ मालिकेतील पाच जुने गेम ३१ मे २०२१ रोजी एकदमच काढले गेले. ‘प्रोजेक्ट कार्स’चे पहिले दोन भाग २०२२ मध्ये गेले. याउलट ‘बर्नआउट पॅराडाइज’मधील गाड्या काल्पनिक होत्या. २००८ चा हा गेम दहा वर्षांनी नव्या रूपात पुन्हा विक्रीला आला.

‘द क्रू’चा वाद काय आहे?

विक्री थांबली तरी आधी गेम घेतलेल्यांना तो सहसा खेळता येतो. युबिसॉफ्ट कंपनीच्या ‘द क्रू’ने हा समजही मोडला. २०१४ चा हा गेम एकट्याने खेळतानाही कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि गेम कायमचा निकामी झाला. डिस्क बाळगणाऱ्यांच्या हाती प्लास्टिकची चकती उरली. पुढे अनेकांच्या खात्यांतून गेमचा परवानाही काढून घेण्यात आला.

त्यातून रॉस स्कॉट या यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. सर्व्हर कायम चालवा, असे या मोहिमेचे म्हणणे नाही. बंद करताना गेम खेळण्याजोगा ठेवा, एवढीच मागणी आहे. युरोपीय महासंघापुढील या मागणीच्या अर्जाने जुलै २०२५ मध्ये १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. युबिसॉफ्टने ‘द क्रू २’ला नंतर इंटरनेटविना खेळण्याची सोय दिली. म्हणजे हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नव्हते.

डिस्क घेतली की निश्चिंत राहता येते का?

पूर्णपणे नाही. मार्च २०२२ मध्ये ‘ग्रॅन टुरिस्मो ७’चे सर्व्हर दुरुस्तीसाठी ३० तासांहून अधिक काळ बंद होते. तेवढा काळ डिस्कवाल्यांनाही गेमचा बहुतांश भाग खेळता आला नाही. काही खोक्यांत तर डिस्कऐवजी डाउनलोडचा कोडच असतो. तरीही ज्या डिस्कमध्ये संपूर्ण गेम आहे आणि जो इंटरनेटविना चालतो, तिला तोड नाही. विक्री थांबलेला गेम नव्या खेळाडूला मिळतो तो अशाच जुन्या डिस्कमुळे.

पेण-रोह्यातील खेळाडूला काय फरक पडतो?

पहिला प्रश्न डेटाचा. पीसीवर ‘फोर्झा होरायझन ५’साठी ११० जीबी जागा लागते. रोज २ जीबीच्या मोबाइल पॅकवर एवढा डेटा उतरवायला ५५ दिवस लागतील. ५० एमबीपीएसच्या फायबर जोडणीवरही सलग पाच तास हवेत, तेही वेग कायम राहिला तर. डिस्कमुळे हा भार बराच हलका होतो, जरी नंतरची अपडेट उतरवावी लागत असली तरी.

दुसरा प्रश्न जोडणीच्या भरवशाचा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडच्या अनेक भागांत वीज आणि मोबाइल सेवा कित्येक दिवस बंद होती. वीज परतली तरी नेटवर्क येईपर्यंत सर्व्हरवर अवलंबून असलेला गेम सुरू होत नाही.

तिसरा प्रश्न पैशांचा. नवा मोठा गेम चार-पाच हजार रुपयांना पडतो. डिस्क असेल तर तो खेळून झाल्यावर विकता येतो आणि त्या पैशांत दुसरा घेता येतो. दोघा-तिघांत मिळून एक डिस्क फिरवता येते. डाउनलोड केलेला गेम ज्याच्या खात्यावर आहे, त्याच्याचकडे राहतो.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून नवा कायदा लागू झाला. ग्राहकाला मालकी मिळत नसून केवळ परवाना मिळतो, हे विक्रेत्याने स्पष्ट सांगितल्याखेरीज डिजिटल वस्तूसाठी ‘खरेदी करा’ असे शब्द त्याला वापरता येत नाहीत. भारतात अशी स्वतंत्र तरतूद नाही. मात्र ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनांचा समावेश आहे. ग्राहक राहत्या जिल्ह्यातच तक्रार करू शकतो. त्यामुळे पेण वा रोह्यातील खेळाडूला सदोष सेवा किंवा अनुचित व्यापारी प्रथेविरुद्ध अलिबागच्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही आहे.

जुने गेम जपणार कोण?

१९५४ च्या कायद्यानुसार देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांकडे जाते. त्यांपैकी एक मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आहे. चित्रपटांसाठी १९६४ पासून पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. ते स्थापन होईपर्यंत भारतीय मूकपटांपैकी बहुतेक नष्ट झाले होते. गेमसाठी असे बंधन नाही. अमेरिकेतील व्हिडीओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीनुसार, तेथे २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत.

तोवर खरेदीपूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. गेम इंटरनेटविना चालतो का, खोक्यात खरोखर डिस्क आहे की नुसता कोड आणि त्या डिस्कमध्ये गेम पूर्ण आहे का. घरात जुन्या रेसिंग गेमची डिस्क पडून असेल, तर ती भंगारात देण्यापूर्वी तो गेम आज कुठे विकत मिळतो का, हेही पाहावे.