कातळात 'अनडू' नसतं

कामशेतहून पवनेकडे जाणारा रस्ता धरला की डाव्या-उजव्या हाताला सगळे ओळखीचे डोंगर भेटतात: लोहगड, विसापूर, लांब तुंग आणि तिकोना. कार्ल्याला एकवीरेची गर्दी असते, भाज्याला सहलींची. बेडशाच्या लेण्यांत मात्र शनिवारीसुद्धा चार-सहा माणसं भेटली तर भेटतात. गावामागे भातराशीचा डोंगर उभा आहे. साडेतीनशे-चारशे पायऱ्या चढून वर गेलं की आधी निराशाच होते. समोर नुसता कातळ, आणि त्याला उभी फट पडावी तसा एक अरुंद बोळ. जेमतेम दोन माणसं शेजारी-शेजारी चालतील एवढा.

बोळ संपतो आणि मान आपोआप वर जाते. सुमारे पंचवीस फूट उंचीचे खांब, डोक्यावर उलट्या कमळासारख्या घंटा, आणि त्यांच्याही वर घोडे, हत्ती, बैल, त्यांच्यावर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातलं हे काम.

मी वीसेक वर्षं सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टांत घालवली आहेत. हिंजवडीच्या काचेच्या इमारती इथून गाडीने तासा-दीड तासावर. त्यामुळे बेडशाला आल्यावर शिल्पं पाहून झाली की माझं डोकं भलत्याच प्रश्नाकडे वळतं: हे काम चालवलं कुणी? कोरलं कुणी हा प्रश्न वेगळा. कुठला दगड आज काढायचा, कुठला ठेवायचा, पैसे कुठून आणायचे, माणसं किती लावायची, हे कोण ठरवत होतं?

आधी काम काय होतं ते बघू. सह्याद्रीचा हा दगड म्हणजे काळा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच असा या दगडाचा ठोकळा, म्हणजे एका टेबलाखाली मावेल एवढी जागा, पावणेतीन टनांच्या पुढे भरतो. चैत्यगृहाचं, म्हणजे प्रार्थनागृहाचं, दालन सुमारे पंचेचाळीस फूट लांब आणि एकवीस फूट रुंद. त्यातला कण न् कण छिन्नी, घण आणि टिकावाने सुटा करून बाहेर काढायचा. छिन्नी या दगडावर झरझर बोथट होते. ती भट्टीत घालून शेवटायची, पाणी पाजायची, परत द्यायची. म्हणजे पाथरवटाच्या मागे लोहार हवा, लोहारामागे कोळसा, कोळशामागे लाकूडतोडे आणि बैल. लेण्यात आपल्याला फक्त पाथरवट दिसतो. बाकीची साखळी पुसली गेली आहे, पण तिच्यातली एक कडी अडली की पाथरवट हातावर हात धरून बसणार.

आता खरी गंमत. इमारत पायापासून वर चढते, लेणं छतापासून खाली उतरतं. अजिंठ्याचं 24 क्रमांकाचं अर्धवट राहिलेलं लेणं पाहिलं की ही पद्धत उलगडते. आधी वरच्या अंगाला शिरायचं, छत घडवून संपवायचं, मग पायाखालचा दगड फोडत खाली खाली यायचं. परांची लागत नाही, कारण न फोडलेला दगडच परांची. याचा अर्थ बेडशाच्या खांबांवरचे ते घोडे घडवले तेव्हा त्यांच्याखाली खांब नव्हता. घोड्यांच्या पायाखाली अखंड डोंगर होता. कारागीर त्या डोंगरावर बसून, आज आपण मान मोडून बघतो त्या घोड्याच्या डोळ्यात डोळे घालून काम करत होता. त्याच्या बुडाखाली पंचवीस फुटांचा खांब आहे हे तोवर एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं: काम चालवणाऱ्याच्या डोक्यात.

वर चार बोटं चूक झाली तर खाली येईपर्यंत ओळंबा बोंबलणार. आणि फोडलेला दगड परत चिकटवता येत नाही. आम्ही दिवसातून पन्नास वेळा 'अनडू' दाबतो. 2001 साली अमेरिकेतल्या स्नोबर्ड गावी सतरा सॉफ्टवेअरवाले जमले आणि त्यांनी 'अजाइल'चा जाहीरनामा काढला. त्याचं एक सार असं की आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला सामोरं जाणं मोलाचं. आमच्या धंद्यात ते पटतं, कारण आमचा माल मऊ आहे. बेडशाच्या मुकादमाला हे सांगितलं असतं तर त्याने हसून विचारलं असतं, "बदल कुणाच्या बापाच्या कातळात करायचा?"

पण कातळात बदल होत नसले तरी एका लेण्याकडून दुसऱ्या लेण्याकडे शिकणं होत होतं. डोंगराच्या पलीकडे भाजे आहे, बेडशापेक्षा जुनं. तिथे चैत्याचा दर्शनी भाग लाकडाचा होता. तो कधीच गेला, आता नुसती खाचांची रांग उरली आहे आणि अख्खं दालन उघडं पडलं आहे. बेडशाला दर्शनी भाग दगडातच घडवला. भाज्याचे खांब आत कललेले आहेत, कारण लाकडी मांडवाचे खांब तसे कलते रोवत. दगडाला त्याची काही गरज नव्हती. पुढे कार्ल्यात खांब सरळ झाले. तरीही व्हरांड्याच्या भिंतींवर लाकडी कठडे आणि लाकडी तुळयांच्या नकला दगडात कोरलेल्या दिसतातच. जुन्या सिस्टीमचा एखादा निरुपयोगी रकाना नव्या सिस्टीममध्ये निमूट येऊन बसतो आणि का आहे ते कुणाला विचारता येत नाही, तसलाच हा प्रकार. मला तो फार जवळचा वाटतो.

आणि तो बोळ! डोंगराचा उतार असा की खांबांना पुरेल एवढी उभी भिंत मिळवायची तर बरंच आत शिरायला हवं. समोरचा सगळा कातळ कापून अंगण मोकळं करता आलं असतं. तो तसाच ठेवला, फक्त ये-जा आणि राडारोडा बाहेर काढण्यापुरती वाट काढली. दर्शनी भाग लांबून दिसणार नाही हा तोटा पत्करला. माझ्या मते इथल्या शिल्पांइतकाच तारीफ करावा असा निर्णय तो आहे. काय करायचं नाही हे ठरवता येणारी माणसं मला मीटिंगांमध्ये फार कमी भेटली.

पैसा एका खिशातून आला नव्हता. व्हरांड्यातल्या एका खोलीच्या दारावर ब्राह्मी लेख आहे: नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक, याचं दान. पाण्याच्या टाक्यापाशी दुसरा लेख, महाभोजाची मुलगी, महारठिनी सामडिनिका, आपदेवणकाची पत्नी, हिचा. जवळच एक छोटा दगडी स्तूप आहे, गोभूती नावाच्या अरण्यवासी, भिक्षेवर जगणाऱ्या भिक्खूंचा. तो त्यांच्या शिष्याने करवला. नाशिकचा व्यापारी, राजघराण्यातली बाई आणि एक शिष्य. तिघांच्या अपेक्षा वेगळ्या, ऐपत वेगळी, आणि डोंगर एकच.

काम चालवणाऱ्याचं नाव मात्र बेडशाला कोरलेलं नाही. पण त्याच्या हुद्द्याला शब्द होता: नवकम्मिक. नव्या कामावर देखरेख करणारा भिक्खू. मुंबईच्या कान्हेरी लेण्यांत, तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्याच्या लेखात हा हुद्दा येतो, आणि सोबत सेलवढकी म्हणजे पाथरवट आणि मिठिक म्हणजे दगड घासून गुळगुळीत करणारा हेही येतात. इकडे कार्ल्यात धेनुकाकटाच्या सामी नावाच्या सुताराने लेण्याचं दार केल्याचं लिहिलं आहे. सुताराचं नाव दोन हजार वर्षं टिकलं, हे वाचून मला दर वेळी बरं वाटतं.

नवकम्मिक हे पद कसं निघालं त्याची गोष्ट विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आहे. वैशालीतल्या एका गरीब शिंप्याला वाटलं, आपणही भिक्खूंसाठी विहार बांधावा. त्याने स्वतः चिखल तुडवला, विटा रचल्या, भिंत उभी केली. हात बसलेला नव्हता, भिंत वाकडी झाली आणि पडली. पुन्हा बांधली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदाही तेच. तेव्हा तो वैतागून म्हणू लागला की जे यांना चीवरं आणि भोजन देतात त्यांना हे भिक्खू कामात मार्गदर्शन करतात, मी गरीब म्हणून मला कुणी विचारत नाही. ही कुरकूर बुद्धांच्या कानावर गेली आणि बांधकामाला देखरेख करणारा भिक्खू नेमण्याची मुभा मिळाली. विहार लवकर कसा पुरा होईल हे त्याने बघायचं, मोडलं-पडलं दुरुस्त करायचं. हुद्दा जन्माला आला तो एका पडलेल्या भिंतीतून आणि शिंप्याच्या तक्रारीतून.

पुढचे नियम वाचताना तर मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. मातीचा एक गोळा लावला, दाराला कडी बसवली, एवढ्यावर भिक्खू नवकम्म, म्हणजे देखरेखीचं काम, देऊन मोकळे होत, तेही वीस-तीस वर्षांसाठी, नाहीतर जन्मभरासाठी. ते बंद झालं. काम बघून मुदत ठरली: लहान विहाराला पाच-सहा वर्षं, मोठ्याला किंवा प्रासादाला दहा-बारा. एका माणसाला एका वेळी दोन कामं द्यायची नाहीत. आणि काम हातात घेतलेला भिक्खू निघून गेला, वारला किंवा चीवर उतरवून घरी गेला, तर संघाचं नुकसान होऊ नये म्हणून ते दुसऱ्याकडे सोपवायचं.

आमच्या एका प्रोजेक्टात सगळं ज्याला ठाऊक होतं असा एकच मुलगा होता. तो शुक्रवारी नोकरी सोडून गेला. सोमवारी आम्ही अकरा जण त्याने लिहिलेल्या चार हजार ओळींभोवती वाऱ्यावर सोडल्यासारखे उभे होतो. वरून हुकूम आला: अजून माणसं घ्या. घेतली. काम आणखी लांबलं. आयबीएममध्ये मोठी सिस्टीम उभारलेल्या फ्रेड ब्रुक्सने 1975 सालच्या आपल्या पुस्तकात हेच लिहून ठेवलं होतं, की रखडलेल्या कामावर माणसं वाढवली तर ते आणखी रखडतं. बेडशाच्या चैत्यात मधोमध उभं राहिलं की ते पुस्तक न वाचताही कळतं. छताजवळच्या अरुंद भगदाडात घण उगारायला जागा किती जणांना मिळणार?

शेजारच्या विहारात छत कमानीचं आणि मागची भिंत अर्धगोल. असा, चैत्यासारखा विहार मी दुसरीकडे पाहिलेला नाही. कुणीतरी हट्ट धरला असेल, कुणीतरी हो म्हटलं असेल. भोवतीच्या खोल्यांमधले दगडी ओटे थंडगार असतात. एका ओट्यावर बसून डबा खाल्ला.

निघताना बोळात थांबलो. भिंतीला हात लावला की छिन्नीचे तिरके ओरखडे बोटांना लागतात, एकाखाली एक, शेतातल्या तासांसारखे. भिंतीवर वीत ठेवली आणि तिच्यात किती मावतात ते मोजायला लागलो. सतरापर्यंत आलो होतो, तेवढ्यात पायऱ्यांवरून शाळेची सहल आली. बोळ दोन माणसांचाच, मला वाट द्यावी लागली, आणि पोरं आत जाऊन ओरडेपर्यंत माझा आकडा चुकला होता.