फास्टर फेणेची ताकद किती?

नव्वदच्या दशकात मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या सोसायट्यांत जे लहानाचे मोठे झाले, त्यांना कुस्तीगिरांची ट्रम्प कार्ड्स आठवत असतील. पत्त्यावर पैलवानाचा फोटो आणि खाली त्याची रँक, उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या आणि जिंकलेल्या लढती. मे महिन्याच्या दुपारी जिन्यात बसून पोरं हे पत्ते खेळत. हातात योकोझुना आला की ‘वजन’ असं ओरडायचं आणि समोरच्याचा पत्ता ओढून घ्यायचा. आख्खा माणूस सात आकड्यांत मावतो, ही मजेदार कल्पना त्या पिढीने शाळा संपायच्या आतच पचवली होती.

त्या पत्त्यांना एक मर्यादा होती. तिथला आकडा कायमचा ठरलेला. वजनाच्या बाबतीत योकोझुना आज जिंकणार, उद्या जिंकणार, दिवाळीतही जिंकणार. गोष्टीतला नायक मात्र असा नसतो. तो हरू शकतो म्हणून तर आपण पान उलटतो. मग असा आकडा शोधता येईल का, की ज्यात नायकाचं बळही असेल आणि त्याच्या हरण्याची शक्यताही?

असा आकडा आहे. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात आणि ‘मी खिडकीतून उडी मारतो’ असं म्हणतात. उडी जमली की नाही हे फासे ठरवतात. आज अंधेरीच्या बोर्ड गेम कॅफेत किंवा बोरिवलीतल्या कुणाच्या तरी हॉलमध्ये रविवारी चार-पाच तरुण कागद-पेन्सिल घेऊन तासन्‌तास बसलेले दिसले, तर बहुधा हेच चाललेलं असतं. त्या कागदावर पात्राचे सहा गुण लिहिलेले असतात: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि समोरच्यावर पडणारी छाप. जुन्या नियमात प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकून बेरीज करायची, म्हणजे आकडा 3 ते 18 यांच्या मधला.

तीन फासे 216 प्रकारे पडू शकतात. त्यांतल्या एकाच प्रकारात बेरीज 18 येते. 10 मात्र 27 प्रकारे येते आणि 11 सुद्धा 27 प्रकारे. म्हणजे या खेळात मधलीच माणसं भरपूर आणि भीम दोनशे सोळांत एक. आपल्या शाळेचा वर्ग डोळ्यांपुढे आणला तर हे प्रमाण फार चुकीचं वाटत नाही.

गोष्टींतले नायक या कागदावर उतरवायचा नाद खेळाबरोबरच वाढला. ‘ड्रॅगन’ नावाच्या मासिकात ‘जायंट्स इन द अर्थ’ या सदरात कथा-कादंबऱ्यांतल्या वीरांचे आकडे छापून येत. 1980 च्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ या पुस्तकात तर देवांचेच आकडे होते, आणि त्यांत आपले इंद्र, वरुण आणि यमसुद्धा. किती घाव सोसले की पात्र संपतं याचा एक आकडा या खेळात असतो. तोही त्या पानांवर होता. यमाला मरणाचा आकडा! हे वाचून मला अजूनही थक्क व्हायला होतं. आकडा दिला की हरण्याची शक्यता आपोआप दिली जाते, मग तो साक्षात मृत्यूचा देव का असेना.

आता हा प्रयोग आपल्या घरच्या नायकावर करून पाहू. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, म्हणजे फुरसुंगीचा फास्टर फेणे. पुण्याच्या विद्याभवन शाळेतला काडीसारखा पोरगा, बुडाखाली सायकल आणि तोंडात ‘ट्टॉक’. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवनने त्याला चेहरा दिला, 2017 च्या चित्रपटात अमेय वाघने. याची ताकद किती लिहायची?

भागवतांनी त्याला हाडकुळा केलंय, तेव्हा 8 च्या वर जाता येणार नाही. समोरच्या गुंडाला आपण 18 देऊ. दोघांत एका पिशवीची ओढाओढ लागली. खेळाच्या 2014 सालच्या पाचव्या आवृत्तीत अशा वेळी दोघांनी वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि त्यात आपापल्या ताकदीची भर घालायची. 18 ला मिळतात अधिक 4, आणि 8 ला उणे 1. कागदावर दरी केवढी मोठी! पण वीस गुणिले वीस अशा चारशे शक्यता मांडून मोजल्या तर त्यांतल्या 105 शक्यतांत पिशवी फेणेच्या हातात येते. चारातून एकदा, किंवा किंचित जास्तच. खऱ्या आयुष्यात हाडकुळा मुलगा पैलवानाकडून चारात एकदा पिशवी हिसकावत नाही. हा फासा मुद्दामच दुबळ्याच्या बाजूने झुकवलेला आहे. वीसही बाजू सारख्याच वेळा पडत असल्यामुळे अचाट गोष्टी वारंवार घडतात, आणि साहसकथेला नेमकं तेच हवं असतं.

पण फेणे म्हणजे ताकद नव्हे. म्हणून मला त्याच्यासाठी दुसरा खेळ जास्त आवडतो: 1986 साली स्टीव्ह जॅक्सनने आणलेला ‘गर्प्स’. इथे साधे सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे आणि बेरीज आपल्या कौशल्याच्या आकड्याएवढी किंवा त्याहून कमी आली की जमलं. कौशल्य 8 असेल तर 216 पैकी 56 वेळा जमतं, शंभरात साधारण 26. कौशल्य 14 असेल तर 196 वेळा, म्हणजे शंभरात जवळपास 91. फेणेला सायकलीसाठी 14 द्यायला कुणाची हरकत नसावी.

या खेळात प्रत्येक गुण गुणांकांच्या ठरावीक पुंजीतून विकत घ्यावा लागतो. चपळाई महाग, सायकल स्वस्त. पुंजी संपली की वाढवायचा एक मार्ग म्हणजे दोष पत्करायचा. पात्राला एखादी खोड लावून घ्या, त्या बदल्यात थोडे गुणांक परत मिळतात. दोषांची यादी लांबलचक आहे: चिडखोरपणा, हावरटपणा, अतिआत्मविश्वास. आणि त्याच यादीत एक दोष आहे, कुतूहल.

इथे मी थबकतो. मुलांना आपण शाळेत जो सद्‌गुण म्हणून शिकवतो, तो इथे दोषांच्या रकान्यात का? कारण नियम फार शहाणा आहे. बंद दार दिसलं, विचित्र आवाज आला, अनोळखी माणूस घाईघाईने पळाला, की कुतूहल असलेल्या पात्राने स्वतःला आवरायचं असेल तर फासे टाकायचे. खोड नेहमीच्या पातळीची असेल तर 12 किंवा कमी आलं की आवरलं. हे शंभरात 74 वेळा घडतं. खोड टोकाची असेल तर 6 किंवा कमी यायला हवं. हे शंभरात जेमतेम 9 वेळा. फेणेला मी बिनदिक्कत टोकाची खोड देईन. शंभर संशयास्पद सावल्यांपैकी एक्क्याण्णवांच्या मागे हा मुलगा सायकल हाणत जाणारच. प्रतापगड असो, गुलमर्ग असो, चक्रीवादळ असो की विमानचोर, पुस्तकांची नावं बदलत गेली तरी त्यांच्यामागचं यंत्र एकच आहे. माझं स्पष्ट मत असं, की फास्टर फेणे वेगामुळे नायक झालेला नाही. ‘फास्टर’ हे विशेषण आपली दिशाभूल करतं. त्याला आवरता येत नाही म्हणून तो नायक झाला, आणि सायकल त्याच्या न आवरण्याला गती देते, इतकंच.

याच यादीत पुढे उदारपणाही दोष म्हणून सापडतो. मागणाऱ्याला नाही म्हणता न येणं, उणे 5 गुणांक. हे वाचताना मराठी माणसाच्या मनात एकच नाव येतं. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने घराघरात पोचवलेला कर्ण. त्याचा कागद भरायला घ्या. जन्मजात कवच-कुंडलं, या खेळातलं सर्वांत महागडं चिलखत ठरेल अशी. धनुर्विद्या जवळपास सर्वोच्च. परशुरामांचा शाप, ऐन वेळी अस्त्र आठवणार नाही. रथाचं चाक गिळणारा दुसरा शाप. आणि दानशूरता, दोषांच्या रकान्यात. मग ब्राह्मणाच्या वेषात इंद्र येतो. सूर्याने आधीच सावध केलेलं आहे, कोण आणि कशासाठी येणार हे कर्णाला ठाऊक आहे. फासे टाकून स्वतःला आवरायची संधी नियम त्याला देतो. पण त्याच नियमात असंही म्हटलंय, की खेळाडूला फासे न टाकताच आपल्या खोडीला शरण जायची मुभा आहे, आणि पात्र नीट वठवायचं तर तसं करणंच चांगलं. कर्ण फासे टाकत नाही. कागदावरून चिलखत खोडलं जातं, त्या जागी एकदाच वापरता येईल अशी शक्ती लिहिली जाते, आणि पुढे तीही घटोत्कचावर खर्च होते. हे सगळं पेन्सिलीने एका कागदावर मांडलेलं पाहिलं, की महाभारतातल्या त्या प्रसंगाचा हिशेब किती काटेकोर आहे ते लख्ख दिसतं.

पुन्हा फेणेकडे येऊ, कारण एक अडचण राहिली आहे. सायकलीचं कौशल्य 14, यश शंभरात 91. पण पुस्तकात तो एकदाच निसटत नाही. सलग दहा प्रसंगांतून निसटायचं तर? 0.907 ला दहा वेळा स्वतःनेच गुणा, उत्तर येतं 0.38. म्हणजे दहा प्रसंग होईतो शंभरातले बासष्ट फेणे कुठेतरी अडकलेले असतात. भागवतांचा फेणे मात्र अडकला तरी सुटतोच, पुस्तकामागून पुस्तकं. हा फरक कुठून आला?

तो लेखकाकडून आला. गणिताने जिथे मुलाला खड्ड्यात पाडलं असतं, तिथे भागवतांनी हात दिला. खेळ बनवणाऱ्यांनाही हे उमगलं होतं. 1983 साली जेम्स बाँडवर असा खेळ निघाला, तेव्हा नुसत्या कौशल्यांतून बाँड तयार होत नव्हता. म्हणून त्यांनी ‘हीरो पॉइंट’ दिले: वाईट फासा पडला की एक पॉइंट मोजायचा आणि निकाल सुधारून घ्यायचा. लेखकाच्या मायेचंच हे नाणं, खेळाडूच्या हातात दिलेलं. 2017 च्या ‘फास्टर फेणे’ चित्रपटात भा. रा. भागवत हे स्वतःच एक पात्र आहेत आणि दिलीप प्रभावळकरांनी ते रंगवलंय. लेखकाचा तो अदृश्य हात पडद्यावर माणूस होऊन नायकाच्या शेजारी उभा राहिला, हे मला फार समर्पक वाटतं.

सगळेच नायक मात्र सगळ्या कागदांवर उतरत नाहीत, आणि जिथे उतरत नाहीत तिथेच सगळ्यात जास्त कळतं. नारायण धारपांचे समर्थ घ्या. अघोरी शक्तींनी गांजलेली माणसं त्यांच्याकडे येतात. भयकथांसाठी जगभर गाजलेला खेळ म्हणजे 1981 चा ‘कॉल ऑफ कथुलू’, लव्हक्राफ्टच्या कथांवर बेतलेला. त्यात मनाच्या स्थैर्याचा आकडा असतो आणि भीषण काही पाहिलं की तो घसरतो. त्या अभद्र विद्येचं ज्ञान जितकं वाढेल, तितकी स्थैर्याची कमाल मर्यादाच खाली येते. सगळ्यात जाणता तो वेडाच्या सगळ्यात जवळ. या हिशेबाने समर्थ केव्हाच भ्रमिष्ट व्हायला हवेत. पण धारपांच्या गोष्टीत खोलीतला सर्वांत शांत माणूस तेच असतात. लव्हक्राफ्टचं विश्व माणसाची पर्वा न करणारं आहे, धारपांच्या विश्वात हाकेला ओ देणारी सत्शक्ती आहे. समर्थांसाठी तो नियम उलटाच लिहावा लागेल: जाण वाढली की स्थैर्य वाढतं. एका रकान्याच्या नियमात दोन लेखकांची श्रद्धा समोरासमोर येते. समीक्षेच्या किती पुस्तकांनी हे इतक्या थोडक्यात दाखवलं असतं?

घरात ल्युडोचा डबा असेलच; दोन-तीन डब्यांतून तीन फासे गोळा करा आणि एक कोरा कागद घ्या. तुमचा आवडता नायक निवडा. गोट्या असेल, झुंजार असेल, नाहीतर आजीने सांगितलेल्या गोष्टीतला कुणी. प्रत्येक आकड्यासमोर तो कुठल्या प्रसंगावरून दिला ते लिहा. प्रसंग सापडला नाही तर पुस्तक परत उघडा. आणि सुरुवात ताकदीपासून करू नका. आधी ती एक खोड लिहा, जिच्यावाचून त्याची गोष्टच घडली नसती.