कमाई आपल्याकडची, हिशेब आखाताचा

नेपाळमधलं माओवादी युद्ध 13 फेब्रुवारी 1996 ला सुरू झालं आणि नोव्हेंबर 2006 च्या शांतता करारानं संपलं. सुमारे 17 हजार माणसं त्यात गेली. डोंगरातल्या पोलीस चौक्या उठल्या, पूल उडवले गेले, शाळा बंद पडल्या, गावच्या विकास समित्यांची कार्यालयं जळाली. आणि याच काळात त्या देशातली गरिबी कमी झाली. 1995-96 च्या राहणीमान पाहणीत 41.8 टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते, 2003-04 च्या पाहणीत 30.8 टक्के. सरकार राजधानीपुरतं उरलं होतं, गुंतवणूक आटली होती, पर्यटक फिरकत नव्हते. तरी अकरा टक्क्यांचा फरक पडला.

या कोड्यावर गेली पंचवीसेक वर्षं अर्थशास्त्रज्ञ लिहीत आले आहेत, मीही त्यांतलाच एक. उत्तराचा गाभा सर्वांना ठाऊक आहे: गावातले तरुण बाहेर गेले आणि त्यांनी पैसे पाठवले. जागतिक बँकेतल्या मायकेल लोक्शिन आणि सहकाऱ्यांनी 2010 साली हिशेब मांडला, की 1995 ते 2004 या काळात घटलेल्या गरिबीपैकी जवळजवळ एक पंचमांश श्रेय कामासाठी झालेल्या स्थलांतराला आणि त्यातून आलेल्या पैशाला जातं. माझं म्हणणं असं, की हा वाटा कमी धरला गेला आहे. नेपाळमधला सर्वांत गरीब माणूस ज्या देशात कामाला जातो, तिथून येणारा पैसा कुणी नीट मोजतच नाही. तो देश म्हणजे भारत.

युद्धोत्तर देशांच्या अर्थकारणावरचं सर्वसाधारण लिखाण वाचकांच्या परिचयाचं असेल, म्हणून भरभर पुढे जातो. एल साल्वादोरमध्ये 1992 च्या करारानंतर अमेरिकेतून येणाऱ्या डॉलरांवर घरं उभी राहिली आणि 2001 मध्ये देशानं डॉलरलाच स्वतःचं चलन केलं. ताजिकिस्तानात यादवी 1997 ला संपली. पुढे रशियात बांधकामावर राबणाऱ्या मजुरांचा पैसा एका टप्प्यावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांवर गेला. पॉल कॉलिअर आणि अँके हॉफ्लर यांनी निराळाच इशारा दिला, की परदेशातला मोठा समाज बंडखोरांना पैसा पुरवतो आणि युद्ध पुन्हा पेटण्याचा धोका वाढतो. नेपाळमध्येही याचा अंश होता. भारतातल्या नेपाळी मजुरांत काम करणाऱ्या अखिल भारतीय नेपाळी एकता समाजावर आपल्या सरकारनं 2002 मध्ये बंदी घातली ती याच संशयावरून. पण ज्या माणसाची सगळी बचत घरच्या तांदळात आणि सावकाराच्या व्याजात जाते, तो बंदुका विकत घेण्याइतका पैसा कुठून उभा करणार? हा सिद्धांत अमेरिकेतल्या सुखवस्तू समाजांकडे बघून बेतलेला आहे. पश्चिम नेपाळमधल्या डोटीच्या हमालाला तो लावू नये.

युद्धामुळे माणसं नेमकी कशी निघाली, यावर चितवन खोऱ्यातल्या घरांचा दीर्घ अभ्यास झाला. प्रतीक्षा बोहरा-मिश्रा आणि डग्लस मॅसी यांना त्यात दिसलं, की हिंसा थोडी असते तेव्हा लोक घरातच दबकून राहतात आणि ती फार वाढली की निघतात. पश्चिमेच्या डोंगरात हे उघड दिसत होतं. फेब्रुवारी 2002 मध्ये अछाम जिल्ह्याचं मुख्यालय असलेल्या मंगलसेनवर माओवाद्यांनी हल्ला केला. पोलीस आणि सैनिक मिळून शंभराहून अधिक जण एका रात्रीत ठार झाले. त्यानंतर त्या जिल्ह्यात घरी राहणाऱ्या तरुणाला दोन्हीकडून भय होतं. माओवादी घरटी एक माणूस मागत आणि सैन्य प्रत्येक तरुणाकडे संशयानं बघे. वाट जुनीच होती, आजे-पणजे याच वाटेनं जात. पूर्वी पेरणी-कापणी सांभाळून जाणारे आता वेळीअवेळी निघू लागले.

आखाताची गोष्ट सगळ्यांनी सांगितली आहे, तेव्हा थोडक्यात. 1990 नंतर पासपोर्ट सुलभ झाला. नव्वदीच्या सुरुवातीला वर्षाकाठी काही हजार श्रमपरवाने निघत, 2013-14 मध्ये पाच लाखांहून जास्त निघाले. कतार, सौदी, अमिरात, कुवेत, मलेशिया, पुढे कोरिया. 2015 साली काठमांडूनं नियम केला, की आखाती देश आणि मलेशियासाठी व्हिसा आणि तिकिटाचा खर्च मालकानं करावा, दलालानं दहा हजार नेपाळी रुपयांपेक्षा जास्त घेऊ नये. प्रत्यक्षात ‘मॅनपावर’वाले लाखाच्या वर घेत राहिले, आणि ते गावातल्या सावकाराकडून ‘सयकडा तीन’नं, म्हणजे महिना शेकडा तीन आणि वर्षाला छत्तीस टक्के व्याजानं उचलले जात. पहिलं वर्ष-दीड वर्ष कर्ज फेडण्यातच जाई. त्रिभुवन विमानतळावर उतरणाऱ्या शवपेट्यांबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे आणि तेही कमीच आहे.

आता माझ्या विषयाकडे. 2001 च्या जनगणनेत देशाबाहेर असलेल्या 7 लाख 62 हजार नेपाळ्यांपैकी 77 टक्के भारतात होते. 2011 ला बाहेर गेलेल्यांची संख्या 19 लाखांवर गेली आणि त्यात भारताचा वाटा 38 टक्क्यांच्या आसपास आला. हे आकडे दाखवून एका विद्वान गटानं जाहीर केलं, की भारताकडचं स्थलांतर आता इतिहासजमा होत आहे. त्यांच्याशी मी तेव्हापासून भांडतो आहे. जनगणना सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ घराबाहेर असलेल्यालाच ‘अनुपस्थित’ धरते. कार्तिकात निघून वैशाखात परतणारा माणूस तिच्या लेखी घरीच असतो. खुल्या सीमेवर पासपोर्ट नाही, परवाना नाही, म्हणजे नोंदही नाही. 1950 च्या करारानं दिलेली ही मोकळीक गरिबाला लाभदायक ठरली, पण तिच्यामुळेच तो कागदावरून पुसला गेला. डेव्हिड सेडन, जगन्नाथ अधिकारी आणि गणेश गुरुंग यांनी 2001 मध्येच ‘द न्यू लाहुरेज’ या पुस्तकात भारतातून येणारा पैसा मोजणीतून निसटतो हे दाखवून दिलं होतं. सुझन थीमे यांनी दिल्लीतल्या सुदूरपश्चिमी मजुरांमध्ये राहून त्यांच्या भिशीसारख्या ‘सोसायट्यां’चा अभ्यास केला. ही दोन्ही पुस्तकं पायी फिरून लिहिलेली आहेत. आजच्या शोधनिबंधांच्या मागे त्यांचा उल्लेख येतो, पण ती उघडून वाचल्याचं चिन्ह दिसत नाही.

हा माणूस बघायला लांब जायला नको. रत्नागिरी, देवगडकडच्या हापूसच्या बागांत पावसाळा सरला की नेपाळी कामगार उतरतात. बागायतदार त्यांना सरसकट ‘गुरखा’ म्हणतात आणि राखणीपासून साफसफाई, फवारणी, आंबा उतरवणं, पेट्या भरणं अशी सगळी कामं त्यांच्याकडे असतात. बंदरावर जाल तर मच्छीमार नौकांवर खलाशीही तेच. मालक पोलीस ठाण्यात त्यांची माहिती देतो, तेवढाच त्यांचा सरकारी कागद. जूनच्या तोंडाला आंबा संपतो आणि तिकडे असारात भाताची लावणी सुरू होते. दोन देशांचे हंगाम असे जुळले आहेत, की कोकणातली बाग आणि अछामचं खाचर एकाच माणसाच्या हातांवर चालतं.

अशाच एका बागेत फवारणीच्या पंपापाशी बसून एका कामगारानं मला हिशेब सांगितला होता. घरचं धान्य माघापर्यंत पुरतं. पुढच्या महिन्यांचा तांदूळ, मीठ, तेल बाजारातल्या दुकानदाराकडून उधार. बागेची कमाई हाती आली की पहिली ती उधारी, मग बहिणीच्या लग्नासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज, मग उरेल ते. इथे यायला त्याला दलाल लागला नव्हता. आधी आलेल्या ‘दाजू’नं शेठला फोन केला, एवढंच. कोकण रेल्वेनं दिल्ली, तिथून बसनं बनबसा, शारदा बराज ओलांडून महेंद्रनगर, पुढे साँफेबगरपर्यंत बस आणि मग चढण. नोटा शर्टाच्या आतल्या शिवलेल्या खिशात. वाटेत गुंगीचं औषध घालून लुबाडलेले, नाक्यावर तपासणीच्या नावाखाली चार नोटा काढून घेतल्या गेलेले साथी त्यानं बोटांवर मोजून सांगितले.

अशा पैशाबद्दल आमचे विद्वान मित्र म्हणतात, की तो ‘खाण्यापिण्यात उडतो’. 2010-11 च्या पाहणीत रेमिटन्सपैकी 79 टक्के रोजच्या खर्चात आणि 2.4 टक्के भांडवलात गेले, हा त्यांचा आवडता आकडा. माघानंतरच्या उपाशी महिन्यांत घरात तांदूळ असणं, पोरगी शाळेतून न काढावी लागणं, जमीन सावकाराच्या घशात न जाणं, याला उधळपट्टी म्हणणाऱ्यानं एकदा ते घर बघून यावं. युद्धातून बाहेर पडलेल्या गावात पुनर्वसनाचं जे काम राज्यानं करायचं, ते या खिशातल्या नोटांनी केलं आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. 2022-23 च्या पाहणीत नव्या रेषेनुसार नेपाळची गरिबी 20.27 टक्के निघाली. त्यात आखाताकडे आणि गुरखा पलटणींकडे ओढा असलेल्या गंडकी प्रांतात 11.88 टक्के, तर भारताकडे जाणाऱ्या सुदूरपश्चिमेत 34.16 टक्के. मग भारताच्या वाटेनं काय साधलं, असा प्रश्न विचारला जातो. उत्तर खर्चात आहे. आखाताला जायला लाख-दीड लाखाची पत लागते, आणि ज्याला सावकारही दारात उभा करत नाही तो बसच्या तिकिटावर भारतात येतो. सर्वांत गरीब माणसं या वाटेवर आहेत, म्हणून त्या प्रांताची गरिबी जास्त दिसते. ही वाट बंद झाली की काय होतं ते 2020 च्या लॉकडाउनमध्ये दिसलं. महाकालीच्या काठावर धारचुल्याला माणसं अडकली आणि काहींनी नदी पोहून पार केली. या वाटेनं गावाकडे नुसता पैसा गेला नाही, हेही खरं. अछाम-डोटीत एचआयव्हीला लोक ‘मुंबईचा आजार’ म्हणत, आणि त्या दुखण्याचं ओझं मागे राहिलेल्या बायकांनी वाहिलं.

शांततेनंतर राज्यानं काय केलं? संयुक्त राष्ट्रांच्या पथकानं 19,602 माओवादी सैनिक प्रमाणित केले. त्यांतले जेमतेम चौदाशे सैन्यात गेले आणि पंधरा हजारांहून अधिकांनी पाच ते आठ लाख नेपाळी रुपये घेऊन घरचा रस्ता धरला. पुढे त्यांतले कित्येक विमानानं आखाताकडे गेले. गावात रोजगार निर्माण करण्याची घाई कुठल्याच पक्षाला नव्हती, कारण बाहेरून पैसा येतच होता. 2023-24 मध्ये तो 1 लाख 44 हजार कोटी नेपाळी रुपये होता, राष्ट्रीय उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शाएवढा. आयात वाढली, सीमाशुल्कावर तिजोरी भरली. भारतीय रुपयाशी 1993 पासून 1.60 वर बांधलेला विनिमय दर टिकला. डोंगरातली खाचरं मात्र पडीक पडत गेली. 15 ते 24 वयोगटातली बेरोजगारी 22.7 टक्क्यांवर गेली आणि सप्टेंबर 2025 मध्ये त्या पिढीनं रस्त्यावर येऊन सरकार पाडलं. ज्या नेत्यांना शांततेचं श्रेय मिळालं, त्यांनी ती शांतता मजुरांच्या पैशावर खर्चून टाकली, असा माझा ठाम निष्कर्ष आहे.

अभ्यासकांचाही दोष आहे. पूर्वी विद्यार्थी गावात चार महिने राहत, भाषा शिकत, दुकानदाराची उधारवही बघत. आता पाहणीची आकडेवारी संगणकावर उतरवून घ्यायची आणि समीकरण चालवायचं. त्या आकडेवारीत भारतातली कमाई आधीच निसटलेली असते, म्हणून समीकरणातही ती येत नाही, आणि मग धोरणही आखातापुरतंच आखलं जातं.

आपल्याकडे करता येण्यासारखी गोष्ट लहान आहे. रिझर्व्ह बँकेनं 2008 मध्ये भारत-नेपाळ पैसे पाठवण्याची योजना सुरू केली. तिच्यात खातं नसलेल्या माणसालाही बँकेच्या शाखेत रोख भरून एका वेळी 50 हजार रुपयांपर्यंत नेपाळला पाठवता येतात. बागेत आणि बंदरात मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांतल्या फार थोड्यांना ही योजना माहीत होती, आणि काऊंटरवरच्या माणसांनाही ती सांगावी लागत होती. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शाखांनी या हंगामात नेपाळी भाषेत एक फलक लावावा, आणि बागायतदारांनी मजुरी देताना कामगाराला सोबत घेऊन त्या खिडकीपर्यंत जावं.