जुन्या मोटारीच्या बदल्यात घेतलेली नवी मोटार सदोष निघाल्यास ग्राहकाचे अधिकार

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील दिघी हे गाव राजपुरी खाडीच्या दक्षिण तीरावर वसलेले आहे. पलीकडील आगरदांड्यास मोटार न्यावयाची झाल्यास ती तरीवर चढवावी लागते. अशा गावातील एखाद्या कुटुंबाने पनवेलच्या विक्रेत्यास जुनी मोटार देऊन व वर रोख रक्कम भरून नवी मोटार घेतली, आणि ती महिन्याभरातच वारंवार बंद पडू लागली, तर त्यास काय परत मागता येईल? जुनी मोटार, भरलेली रक्कम, की दुसरी नवी मोटार?

प्रथम व्यवहाराचे स्वरूप पाहिले पाहिजे. १९३० च्या वस्तुविक्रय अधिनियमात 'किंमत' म्हणजे पैशाच्या रूपातील मोबदला. मग अंशतः वस्तू देऊन केलेला व्यवहार विक्री ठरतो काय? १८५७ साली इंग्लंडमध्ये निर्णीत झालेल्या एका दाव्यात ३२ बैलांच्या बदल्यात जव द्यावयाचा होता. बैलांचे मोल १९२ पौंड व जवाचे २१५ पौंड ठरवून उरलेला फरक रोख द्यावयाचा होता. न्यायालयाने हा व्यवहार विक्रीच मानला. दोन्ही वस्तूंचे मोल पैशात ठरलेले असणे, हे ह्यातील मर्म होय. मोटारीच्या व्यवहारातही हेच लागू पडते. जुनी मोटार बहुधा तिसऱ्याच्या हाती गेलेली असते. ती परत मिळणे दुर्घट. ग्राहकाचा हक्क उरतो तो तिच्या ठरलेल्या मोलावर.

समजा, नव्या मोटारीची किंमत ८ लक्ष रुपये, जुनीचे मोल २ लक्ष व रोख भरणा ६ लक्ष आहे. बिलावर ही तीनही अंगे स्वतंत्र दाखविली असल्यास परताव्याचा हिशेब ८ लक्षांपासून सुरू होतो. केवळ ६ लक्षांचे बिल स्वीकारले, किंवा जुनीचे मोल 'सवलत' म्हणून लिहू दिले, तर २ लक्षांविषयी वाद उद्भवतो.

आता माल नाकारण्याविषयी. वस्तुविक्रय अधिनियमाच्या कलम ४२ अन्वये वाजवी मुदतीत नकार न कळविता माल ठेवून घेतल्यास तो स्वीकारला असे समजले जाते. त्यानंतर त्या अधिनियमाखाली सामान्यतः नुकसानभरपाईच मागता येते. ह्याकरिता दोष दिसताच लेखी कळविणे अगत्याचे आहे. मात्र कलम ४३ प्रमाणे, विरुद्ध करार नसल्यास, नाकारण्याचा अधिकार असलेला ग्राहक माल परत नेऊन देण्यास बांधील नाही. नकार कळविणे पुरेसे आहे. म्हणजे दिघीच्या ग्राहकास बंद मोटार तरीवर चढवून पनवेलला पोहोचविण्याचे कारण नाही.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ह्याहून व्यापक आहे. दोष काढून देणे, वस्तू बदलून देणे, किंमत व्याजासह परत करणे आणि नुकसानभरपाई देणे असे आदेश आयोग देऊ शकतो. तक्रार दोन वर्षांच्या आत, ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. दिघीकरिता ते ठिकाण अलिबाग होय. व्यापारी हेतूने घेतलेली मोटार ह्या संरक्षणात येत नाही. परंतु केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी ती स्वतः चालविणारा ग्राहकच ठरतो.

तथापि प्रत्येक बिघाड हा निर्मितिदोष नव्हे. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका मोटारीच्या दाव्यात हमीपत्राच्या शब्दांनुसार सदोष भाग बदलून देणे पुरेसे मानले. उलट २०१० च्या एका प्रकरणात, स्वतंत्र तज्ज्ञाने मूलभूत निर्मितिदोष असल्याचा अभिप्राय दिल्यास किंमत व्याजासह परत करावी, असा आदेश दिला. म्हणून तज्ज्ञाचा अहवाल निर्णायक ठरतो. प्रतिवादी कोणास करावे, हेही महत्त्वाचे. जुनी मोटार नवी म्हणून विकल्याच्या गोव्यातील एका प्रकरणात २०२१ साली उत्पादकास त्याच न्यायालयाने दोषमुक्त केले. विक्रेत्याचे कृत्य उत्पादकास ठाऊक होते, हे सिद्ध झाले नव्हते.

तात्पर्य, जुनी मोटार देऊन टाकताना ग्राहक किंमतीचाच एक भाग देत असतो. तो भाग बिलावर आकड्यात नमूद करून घेणे आणि दुरुस्तीच्या प्रत्येक खेपेची नोंद जपणे, ह्या दोन गोष्टींवर पुढील सर्व अधिकारांचे यश अवलंबून राहते.